गालियाच्या वाळूचा फेस

त्या दुपारी खड्ड्याभोवती दीडशे माणसं तरी जमली असतील, आणि सगळ्यांची तोंडं उघडी. शेख मुतवल्लीने खड्ड्याच्या तळातून मूठभर वाळू काढली, पितळी ताटात ठेवली, डोळे मिटून काहीबाही पुटपुटला आणि तांब्याच्या झारीतून तिच्यावर पाण्याची धार धरली. वाळू फसफसली. ना चूल, ना विस्तव, आणि ताटात पांढरा फेस चढतोय, बुडबुडे फुटतायत, बारीक आवाज येतोय. मागच्या लोकांना दिसेना म्हणून ते एकमेकांच्या खांद्यावर चढायला लागले.

"बघून घ्या," शेख म्हणाला. "हा संधिवात. बारा वर्षं या बाईच्या हाडांत बसला होता, आज वाळूत उतरला. सात विहिरींचं पाणी लागलं की त्याला पळायला जागा उरत नाही."

बाई तोवर तंबूत घोंगडं गुंडाळून घाम गाळत पडली होती. तिचा नवरा इथे ताटासमोर रडत होता आणि बारा वर्षांच्या दुखण्याचा फेस कौतुकाने बघत होता. त्याने तिथल्या तिथे ऑलिव्ह तेलाचे दोन डबे शेखच्या पायाशी ठेवले. चौथ्या दिवशी त्याच बाईच्या वाळूवर तेच पाणी ओतलं, तर एक बुडबुडा उठला नाही. आजार संपला. बाई लंगडतच घरी गेली, पण ते कोण बघतो? फेस थांबला होता ना, झालं तर मग.

मी मसऊदा. मी माणसं वाळूत पुरते. घाबरू नका, जिवंत पुरते आणि पंधरा-वीस मिनिटांत बाहेर काढते. इजिप्तच्या वाळवंटातल्या आमच्या सिवात उन्हाळा तापला की सांधे धरलेले, कंबर गेलेले लोक कुठून कुठून येतात. सकाळी खड्डा खणायचा, दुपारपर्यंत तापू द्यायचा, मग माणूस आडवा करून गळ्यापर्यंत वाळू ओढायची, डोक्यावर छत्री धरायची. बाहेर काढल्यावर वारा लागू न देता तंबूत न्यायचं आणि गरम लिंबाचं पाणी पाजायचं. बायकांचं काम बायकाच करतात. माझी आई करायची, तिच्यानंतर मी.

आईची तीन प्रश्नांची शिस्त होती. छातीत दुखतं का? दिवस गेलेत का? साखर आहे का? तिन्हींपैकी एकालाही 'हो' म्हणालं की आई खजुराची पिशवी हातात देऊन परत पाठवायची, मग ती बाई कैरोहून आलेली असो की अमेरिकेहून. वाळूत काही जादू आहे असं आई कधी म्हणाली नाही. गरम विटेने शेकतात तसं हे शेकणं, फक्त वीट अंगाएवढी, असं ती सांगायची.

शेख आला आणि त्याने आईचे तिन्ही प्रश्न उडवून लावले. हृदयविकार चालेल, साखर चालेल, कावीळ, अपस्मार, वांझपण, सगळं चालेल. तो कुठला शेख, कुणाचा शिष्य, कुणी विचारलं नाही. दाढी होती, हिरवी शाल होती, आवाज भारदस्त होता, आमच्या लोकांना एवढं पुरे. खड्डेही आता त्याची बायको आणि मेहुणा पहाटे खणून ठेवायचे. माझ्याकडे उरलं वाळू ओढणं आणि लिंबं पिळणं. मी कुरकुर केली तर बायका, ज्या मला खाला म्हणजे मावशी म्हणतात, त्या म्हणाल्या, "खाला, तुमचा धंदा बसला म्हणून तुम्हाला मिरच्या झोंबतायत." खोटं कशाला बोलू, थोड्या झोंबत होत्याच.

आता आमची एक रीत सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे. ज्या वाळूत आजारी माणूस झोपलं, त्या वाळूला आमच्याकडे कुणी हात लावत नाही. तिच्यात आजार उतरलेला असतो, तो चिकटतो म्हणे. खड्डा तसाच सोडायचा, सात दिवस ऊन खाऊ द्यायचं, वळसा घालून जायचं. तीस वर्षं मीही वळसा घालून गेले. एरवी आम्ही वाळूत भाकरी भाजतो, वाळूने भांडी घासतो, भिंतीच्या मातीत वाळू कालवतो. पण खड्ड्यातली वाळू म्हटलं की सगळे चार हात लांब. त्यामुळे शेखने जेव्हा त्या वाळूत बिनधास्त हात घातला, तेव्हाच अर्धं गाव गार झालं होतं. आणि त्या मुठीत नेमकं काय आहे ते जवळ जाऊन बघायची कुणाची छाती नव्हती. माझीसुद्धा नाही.

माझी धाकटी बहीण गालिया नवव्या खड्ड्यात झोपायला आली, तेव्हा मी तिचा हात धरून तिला बाहेर ओढलं. गालियाला अकरा वर्षं साखर आहे. रोज पोटात इन्सुलिनची सुई घेते. तळपाय बधिर झालेत, चपलेतला खडा तिला कळत नाही. नवरा गेला, मुलगा अलेक्झांड्रियात, घरात ती आणि मोठी खजुराची बाग.

"तुला आईने शिकवलं नाही?" मी म्हटलं. "साखरेला वाळू नाही."

"आईच्या वेळी शेख नव्हते," ती म्हणाली. "ताई, तू बाजूला हो."

ती झोपली. मीच तिच्यावर वाळू ओढली, कारण दुसरीने ओढली असती तर जास्त ओढली असती. बाहेर येऊन ती तंबूत गेली आणि शेखने तळातली वाळू काढली. अल्ला, काय तो फेस. ताटाच्या काठावरून ओघळला. एवढा फेस आजवर कुणाचाच आला नव्हता. लोक तंबूच्या दाराशी येऊन तिला सांगायला लागले, गालिया, तुझ्या वाळूने कमाल केली. आणि माझी बहीण, जिच्याकडे गेली पाच वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, ती घोंगड्यातून लाजत हसली.

बाकीच्यांचा फेस चार दिवसांत उतरायचा. गालियाचा उतरेना. पाचवा दिवस, सहावा, फेस तसाच. शेख म्हणाला, सुयांचं विष अकरा वर्षं साठलंय, नव्या सुया टोचत राहिल्या तर ते निघायचं कसं? तिने सुया बंद केल्या. मी तिच्या घरी गेले तर फ्रिजच्या दारात इन्सुलिनच्या बाटल्या होत्या तशाच, सील न फोडलेल्या. आणि शेखची बायको ओसरीवर बसून बागेतली झाडं मोजत होती. फेस का उतरत नाही ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

गालियाच्या तोंडाला सडक्या सफरचंदासारखा वास येत होता. सारखी तहान, सारखी लघवीला धाव. डाव्या पायाच्या बोटांजवळ नाण्याएवढा फोड, आत लाल, तिला त्याचा पत्ताच नाही. मी हात जोडले, पाया पडले, शिव्या दिल्या. ती एवढंच म्हणाली, "तुला बघवत नाही, ताई. पहिल्यांदाच मला काहीतरी होतंय." मी दार आपटून निघून आले.

दहाव्या दिवशी दुपारी मी तणतणतच काम करत होते. वाडगाभर लिंबं पिळली होती. तंबूमागून जाताना शेखच्या मेहुण्याने अंथरलेल्या चटईत पाय अडकला, चटई सरकली आणि वाडगा तिच्याखालच्या वाळूच्या ढिगावर सांडला. मी सवयीने एक शिवी हासडली आणि वाडगा उचलायला वाकले.

ढीग फसफसत होता.

पांढरा फेस, बारीक बुडबुडे, तोच आवाज. मी तिथेच उकिडवी बसले. या ढिगात कुणी झोपलं नव्हतं. ढीग पांढुरका होता, आमच्या मोठ्या टेकड्यांच्या पिवळ्या वाळूसारखा नव्हे. अशी वाळू पांढऱ्या कड्याच्या पायथ्याशी मिळते, गाढवावरून तासाभराची वाट. मी आणखी एक लिंबू पिळलं, परत फेस. मग पिवळ्या वाळूवर पिळलं. तिने रस पिऊन टाकला आणि गप्प पडून राहिली. मी दोन्ही वाळू ओढणीच्या दोन टोकांना बांधल्या आणि सरळ शाळेकडे निघाले.

शाळेत विज्ञानाची बाई आहे, इनास; शिकवणाऱ्या बाईला आमच्याकडे अब्ला म्हणतात. मर्सा मत्रूहहून बदली होऊन आली, आणि येताच पोरांना सांगितलं की चंद्रग्रहणात डबे वाजवायची गरज नाही, म्हणून गावाने तिला आगाऊ ठरवून टाकलं होतं. मी तिच्या स्वयंपाकघरात ओढणीच्या गाठी सोडल्या. तिने दोन्ही वाळू बशीत घेतल्या, भिंग लावलं आणि मला म्हणाली, बघा.

पिवळीचे कण काचेच्या चुऱ्यासारखे, गोल, चमकणारे. पांढरीत मात्र तुटक्या शिंपल्या होत्या, गोगलगाईची वेटोळी होती, पैशासारख्या चपट्या बारीक चकत्या होत्या. अब्ला म्हणाली, सगळी वाळू एक नसते. पिवळी म्हणजे गारेचा दगड झिजून झालेला भुगा, तीच वितळवून काच करतात. पांढरी म्हणजे जुन्या समुद्रातल्या जिवांची कवचं, म्हणजे चुना. चुन्यावर आंबट पडलं की त्यातून वायू सुटतो, तो फेस. लिंबू घ्या, व्हिनेगर घ्या, आंबट असलं की झालं. काचेला आंबटाचं काही होत नाही.

"काचेच्या पेल्यात लिंबूपाणी पिता ना खाला? पेला कधी उकळला का?" तिने विचारलं.

मग तिने पेल्यात व्हिनेगर ओतून एक अंडं सोडलं. कवचावर बुडबुडे चिकटायला लागले, अंडं गिरक्या घ्यायला लागलं. मी त्या अंड्याकडे बघत बसले आणि मला रडू आलं. पहाटे खड्ड्याच्या तळाशी पांढरी टाकायची, झारीत व्हिनेगर भरायचं, आणि आजार संपवायचा त्या दिवशी पांढरी टाकायचीच नाही, एवढाच खेळ. दहा दिवस माझी बहीण एका पोत्याभर शिंपल्यांपायी मरत होती. अब्लाने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, रडायचं नंतर, उद्या दुपारी मी येते.

मी रात्रीच गालियाला सांगायला गेले. शेखची बायको दारातच उभी, म्हणे ती झोपलीय.

दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट होती. गालियाच्या फेसाची कीर्ती सिवाच्या पार गेली होती. तिला दोघींनी धरून आणलं, तिचे पाय वाळूत ओढत होते. मी खड्ड्यात आडवी पडायला निघाले, म्हटलं आज मी झोपते, तर बायकांनी मला उचलून बाजूला केलं. वेडी झालीय म्हणाल्या. गालिया दहा मिनिटं वाळूत होती. मग तिला तंबूत नेलं आणि शेख पुढे आला. लोबानाचा धूर रोजच्यासारखाच, एवढा की व्हिनेगरचा वास यायची सोयच नव्हती. आता मला तो धूर कळला.

शेखने मूठ भरली, ओतलं, फेस आला, लोकांनी श्वास सोडला.

अब्ला पुढे झाली. हातात टोपली. अदबीने म्हणाली, "शेखसाहेब, माझी कोंबडी आजारी आहे. तिच्या अंड्यातून काही कळेल का?"

गर्दीत हशा पिकला, पण शेखला नाही म्हणता येईना. आजार ओळखणारा माणूस कोंबडीपुढे कसा हरणार? त्याने अंड्यावर धार धरली. अंडं फसफसलं.

"आजार आहे," शेख गंभीरपणे म्हणाला. "यकृतात आहे."

लोकांनी माना डोलावल्या. हो, डोलावल्या. कोंबडीच्या यकृतापुढे माझ्या गावाने माना डोलावल्या, हे मी मेल्यावरही विसरणार नाही. अब्लाने दुसरं अंडं काढलं, उमद्याच्या, म्हणजे गावच्या पाटलाच्या घरचं. तेही फसफसलं. तिसरं मशिदीशेजारच्या हाजीच्या घरचं. तेही. चौथं आज सकाळी दुकानातून आणलेलं. शेखच्या कपाळावर घाम आला. तो म्हणाला, गावावर सावट आहे, सगळ्या कोंबड्यांना लागलंय.

"आणि हिला?" अब्लाने एक रिकामी शिंपली ताटात टाकली. "ही कधीची मेलीय. हिचा आजार अजून गेला नाही?"

आता दोनचार जण हसले. मी तेवढ्यात खड्ड्यात उतरले. मागून बायका किंचाळल्या, "खाला, वाळू बाटलेली आहे." मी दोन्ही हात घातले. गालियाच्या अंगावरची, तिच्या घामाने भिजलेली पिवळी वाळू एका मुठीत घेतली, तळातली पांढरी दुसऱ्या मुठीत. तोंडाने दुआ चालूच होती. तीस वर्षांची भीती एका दुपारी जात नाही.

"ओत," मी शेखला म्हटलं. "ही तिच्या अंगाला लागलेली. हिच्यात तिचा घाम आहे. ओत."

"वरची वाळू राखणीची असते," तो म्हणाला. "आजार खाली उतरतो. तुला शास्त्र कळत नाही, बाई."

"मला लिंबू कळतं," मी म्हटलं. पिवळी खड्ड्याच्या काठावर ठेवली, कमरेला खोचलेलं लिंबू काढून तिच्यावर पिळलं. काही नाही. पांढरीवर पिळलं, तळहातात फेस उठला. मग मी खड्ड्यातून वर आले, तंबूमागे गेले, गर्दी माझ्यामागे. चटई ओढून फेकली आणि ढिगावर लिंबू पिळलं. अख्खा ढीग फसफसला.

"इथे कोण झोपलं होतं?" मी विचारलं. "नाव सांगा."

शेख म्हणाला, ही पांढऱ्या कड्याची वाळू, त्या कड्यालाच काहीतरी झालं असेल. त्यावर नव्वदीची फात्ना म्हातारी काठी आपटत म्हणाली, "मग कड्याला पुर की चार दिवस. आम्ही वाळू ओढतो." आणि मग हसू फुटलं. दीडशे, तीनशे माणसं पोट धरून हसली. शेख रागावला, शाप द्यायला लागला, तसे लोक आणखी हसले. शाप देणाऱ्याला घाबरणारे आमचे लोक, पण हसू आलेल्या माणसाला शाप लागत नाही. ज्याने बारा वर्षांचा संधिवात ताटात पाहिला होता तो नवरा आधी तेलाचे डबे उचलायला धावला. मेहुणा गाडीकडे पळाला. पुढे कळलं, हा मुतवल्ली किनाऱ्याकडच्या गावांत संगमरवरी फरशा धुवायचा, आणि अॅसिड सांडलं की फरशीला फेस येतो हे त्याला तिथेच समजलं होतं. शेखपणाची सगळी विद्या एवढीच.

लोक हसत होते, आणि तंबूत गालिया पडली होती. आम्ही सगळे फेसाच्या मागे धावलो होतो, खोट्याच्याही आणि खऱ्याच्याही, तिला पाणी द्यायलाही कुणी थांबलं नव्हतं. मी आत गेले तर तिचे डोळे वर गेलेले, श्वास खोल आणि भराभर, भात्यासारखा. शेखला पकडायचं सोडून चार माणसांनी तिला त्याच्याच गाडीतून दवाखान्यात नेलं. डॉक्टरने बोटाला टोचून साखर पाहिली आणि आमच्याकडे असं पाहिलं की आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या.

गालिया वाचली. फोडातली सड वर चढली होती, डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली. महिन्याने घरी आली तेव्हा मी फ्रिज उघडून बाटली काढली, सुई भरली. ती पोटावरचा कपडा सरकवत भिंतीकडे बघत होती.

"माझ्या वाळूला सगळ्यात जास्त फेस यायचा," ती म्हणाली. "लोक बघायला यायचे, ताई."

मी सुई टोचली आणि कापूस दाबून धरला. शेखला शिव्या घालणं सोपं आहे, मी अजूनही घालते. पण माझ्या बहिणीकडे लोकांनी बघावं म्हणून तिला फेस यावा लागला, आणि पाच वर्षांत मी तिच्या घरी किती वेळा चहाला गेले होते, हेही मला आठवतं. आता रोज जाते. सुई मीच देते.

यंदाच्या उन्हाळ्यात मी परत खड्डे खणतेय. आईचे तीन प्रश्न परत आले आहेत, आणि साखरवाल्यांना मी हात धरून घालवते. खड्ड्यातल्या वाळूत मी मुद्दाम सगळ्यांसमोर हात घालते, बायकांच्या अंगावर काटा येतो, येऊ दे. कमरेला एक लिंबू असतंच. कुणी येऊन म्हणालं की माझ्या पाण्याने असं होतं, माझ्या मंत्राने तसं होतं, तर त्याला म्हणायचं, माझ्या हातात दे, मी करून बघते. तो चिडला तर समजून जायचं. वाळू उकळली त्या पहिल्याच दुपारी आम्हा दीडशे जणांपैकी एकाने, आणि सगळ्यांत आधी मी, तिच्यावर घरचं एक लिंबू पिळून पाहिलं असतं, तर गालिया आज दोन्ही चपला घालून चालली असती.